सफरचंदाच्या तिखट चकत्या

“सहा आहेत. काश्मिरी आहेत बरं का, साधी नाहीत,” असं म्हणून मुरलीधर कापडणीसांनी प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली आणि खाटेशेजारची खुर्ची ओढून पाय वर घेऊन बसले.

काश्मिरी म्हणे! सफरचंद काय आमच्या नंदुरबारात पिकतं? पण तोंडावर हसू ठेवून मी “अरे वा, कशाला एवढं?” म्हटलं आणि आत जाऊन ती सहा सफरचंदं टोपलीतल्या बाकीच्यांवर रचली. टोपली भरली होती. परात भरली होती. देवघराखालच्या कप्प्यातही होती. माझा नवरा दिवाळीपासून खाटेला खिळला होता आणि अख्ख्या गावाला त्यावर एकच औषध ठाऊक होतं.

बाहेर कापडणीस ह्यांना धीर देत होते.

“माझ्या साडूचं पण मणक्याचंच होतं, प्रल्हादशेठ. नाशिकलाच केलं. ऑपरेशन एकदम झकास झालं.”

“आता चालतात का?” ह्यांनी विचारलं.

“छे, ते गेले ना मागच्या वर्षी. पण ऑपरेशन झकास झालं होतं.”

असा धीर देऊन, दोनदा चहा पिऊन, निघताना “काळजी घ्या हं वहिनी, माणूस महत्त्वाचा,” असं मलाच शिकवून कापडणीस गेले. मी दार लावलं आणि म्हटलं, “मेला यमाचा दलाल.”

हे हसले. हसले की पाठीत कळ यायची, म्हणून हसताना डोळे मिटून घ्यायचे.

ह्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आम्ही शिंपी. ह्यांनी चाळीस वर्षं मशीनवर वाकून काढली, आणि मग त्या वर्षी दिवाळीची गर्दी संपली त्याच दिवशी उठताना पाठीत काहीतरी सरकलं. डावा पाय सुन्न पडला. नाशिकच्या डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं की वय चौसष्ट आहे, भूल द्यायची म्हणजे थोडी जोखीम, आणि चालतील की नाही ते नंतरच कळेल. तोवर सपाट पडून राहायचं. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून, मी त्यांची खाट टाकली.

ऑपरेशनची भीती त्यांना नव्हती. त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता.

“आबाला कळलं असेल ना गं?”

“नंदुरबारात कोणाच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी संध्याकाळपर्यंत कळतं. कळलं असणारच.”

“मग एकदा येऊन गेला असता. नाशिकला जायच्या आधी.”

आबा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, रंगनाथ. तीन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि अकरा वर्षं आमच्या उंबऱ्यावर त्यांनी पाय ठेवलेला नव्हता. का, ते सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला शिवणकाम येतं असा माझा समज होता. पहिल्याच महिन्यात मी हौसेने जाऊबाईंना पोलकं शिवून दिलं. आबांनी ते उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि घरच्या सगळ्यांसमोर टर्रकन उसवलं. “ही शिवण आहे? गोधडीला टाके घातलेत नुसते.” मग मला मशीनवर बसवून त्यांच्या वडिलांची शिवण शिकवली. दुहेरी, आणि शेवटी तीन टाके मागे येऊन. चुकली की उसव. चुकली की उसव. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हा माणूस म्हणत होता, “रडून दोरा ओला होतो.” मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. ‘प्रल्हादची’ म्हणायचे. प्रल्हादचीला सांगा, प्रल्हादचीने केलं असेल. असल्या माणसाबद्दल माझ्या मनात काय असणार? तिरस्कार होता, आणि मी तो लोणच्यासारखा जपून ठेवला होता.

पुढे आमच्या रोहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडे पहिला फेटा मुलीच्या थोरल्या काकाला बांधतात. मानाचं ताट माझ्याकडे होतं. फेटेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी खूण केली, आणि पहिला फेटा माझ्या नाशिकच्या भावाच्या डोक्यावर चढला. आबांनी ते पाहिलं. पंगत बसायच्या आधी चपला घालून ते मांडवाबाहेर पडले. हे अनवाणी त्यांच्या मागे धावले. भर रस्त्यात आबा म्हणाले, “तू नको बोलावू, प्रल्हाद. ज्या हाताने खूण केली त्या हाताने बोलावलं तर येईन.”

ह्यांनी परत येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, “मी बोलावू? घाईगर्दीत चुकून झालं. आता काय त्यांचे पाय धरू?” त्यावर ह्यांनी मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही. ह्यांचा स्वभाव म्हणजे गुळाचा खडा. मला त्याचाही राग यायचा.

तर सफरचंदं. ह्यांना सफरचंद आवडायचं नाही. “गोड भुसा,” म्हणायचे. कापून दिलं तर एक फोड चावून बाकीची बशी खाटेखाली सरकवायचे. मी एकटी किती खाणार? आणि फेकायला माझा हात होत नाही. शेवटी शेजारच्या चौधरी वहिनींनी अक्कल शिकवली.

“वाळवा की! बटाट्याचे वेफर्स करतो तसंच. तुरटीच्या पाण्यात टाकायचं, एक उकळी काढायची, प्लॅस्टिकवर पसरायचं. आमच्याकडे सगळं तसंच वाळवतात.”

मी भोळी. वेफर्सची किसणी काढली, दहा-बारा सफरचंदांच्या चकत्या पाडल्या, तुरटी फिरवलेल्या पाण्यात टाकल्या आणि उकळी काढली. झाकण उचलते तर पातेल्यात लापशी! जीभ लावली तर तुरटीने तोंड आवळलं. तोवर वहिनी बघायला हजर.

“जरा जास्तच उकळलंत वाटतं.”

“सफरचंद आहे ते वहिनी, बटाटा नाही.”

“मग उकळायचं कशाला?” असं म्हणून नाक मुरडून त्या निघून गेल्या. वर हा मलाच शहाणपणा!

दुसऱ्या दिवशी मी कोणाचं ऐकलं नाही. आमच्या गावात मिरची वाळते ती एकरांनी. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, हिवाळाभर जमीन लालभडक दिसते. माझं माहेरही इथलंच, मी लहानपणापासून बघत आलेय. कुठली वस्तू उन्हाला कधी दाखवायची आणि कधी झाकायची हे मला चौधरी वहिनींनी सांगायला नको.

सालासकट पातळ चकत्या पाडल्या. बिया काढल्या. लिंबू पिळलेल्या पाण्यात घडीभर ठेवल्या, म्हणजे काळ्या पडत नाहीत. मग जुन्या धोतरावर एकेक टिपून कोरडी केली आणि गच्चीवर बाजेवर मलमल अंथरून एकीला दुसरी लागू न देता मांडल्या. वरून मच्छरदाणी. पहिल्या दिवशी मसाला लावायचा नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. मीठ आधीच पडलं की चकतीला पाणी सुटतं आणि मग ती वाळत नाही, नुसती चिकटून बसते. एक ऊन खाऊन चकती चामड्यासारखी झाली, बोटाला चिकटेना, तेव्हा मी मसाला केला. आमचीच मिरची, बिया काढून दळलेली. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सुंठ, चिमूटभर हिंग. दोन्ही बाजूंनी भुरभुरवला आणि आणखी दोन दिवस उन्हं दिली. संध्याकाळी दव पडायच्या आत परात भरून खाली आणायची.

तिसऱ्या दिवशी ह्यांच्या हातावर एक ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, पलीकडचं दिसतंय का बघितलं, मग तोंडात टाकली. कुरकुर आवाज आला.

“हे काय आहे?”

“गोड भुसा.”

“आण अजून,” हे म्हणाले.

त्या दिवसापासून डबा उशाशी राहायला लागला. येणारा माणूस सफरचंद घेऊन यायचा आणि चकत्या खाऊन जायचा. कापडणीस तर दोनदा जास्त आले. “वहिनी, पाठीला बरं वाटतं का हो ह्याने?” म्हणाले. मी म्हटलं, “तुमच्या साडूला द्यायला हव्या होत्या.”

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी पुढच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली सापडली.

सहाला नळ यायचा. नळ मागच्या अंगणात. अर्धा तास मी तिकडेच, बादल्यांच्या खडखडाटात असायची. पाणी भरून पुढचं दार उघडलं तर कडीला पिशवी. प्लॅस्टिकची नव्हे, कापडाची. पँटच्या कापडाचे उरलेले तुकडे जोडून शिवलेली, करडा, तपकिरी, निळा. आत पाच सफरचंदं, एकसारखी, पुसून लख्ख केलेली. मी पिशवी उलटी केली. शिवणीवरून बोट फिरवलं. दुहेरी, आणि शेवटी तीन टाके मागे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे काय वागणं? भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि हा माणूस चोरासारखा पिशवी अडकवून पळतो! दार वाजवायला हात झडले होते? माणूस स्वतःच्या ताठ्यापायी दारातून परत जातो, त्याला काय डोक्यावर घेऊन नाचू? सफरचंदं मी टोपलीत टाकली. पिशवी आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, रजयांच्या खाली दडपली. हे शिंपी. त्यांनी ती नुसती लांबून पाहिली असती तरी ओळखली असती.

“दारात कोणी आलं होतं का?” ह्यांनी विचारलं.

“नाही. कोण येतंय एवढ्या सकाळी?”

“बरं.”

चार दिवसांनी दुसरी पिशवी आली. मग तिसरी. दर वेळी कापड वेगळं, शिवण तीच. दर वेळी ह्यांचा तोच प्रश्न, “कोणी आलं होतं का?” आणि दर वेळी माझं तेच उत्तर. एकदा म्हटलं, “मांजर होतं.” एकदा म्हटलं, “वाऱ्याने कडी वाजली असेल.” हे “बरं” म्हणायचे आणि चकतीचा डबा उघडायचे. मी आत जाऊन त्या भावाच्या सफरचंदांवर किसणी चालवायची. त्यांच्या चकत्या मी जरा जास्तच तिखट करायची, हेही सांगून टाकते.

मनात काही टोचत नव्हतं असं नाही. चौथ्या पिशवीच्या वेळी मी ती हातात घेऊन दारात बराच वेळ उभी होते. पण मग मला ते उसवलेलं पोलकं आठवलं. ‘प्रल्हादची’ आठवली. आणि मी म्हटलं, यायचं असेल तर येईल. मी बोलावणार नाही.

सात पिशव्या झाल्या.

नाशिकला निघायचा आदला दिवस उजाडला. गाडी ठरली होती, माझा भाऊ दवाखान्यात थेट येणार होता. सकाळी मी पाणी भरून आले. कडीला काही नव्हतं. मला हायसं वाटलं. आत येऊन मी बॅग भरायला बसले.

“कोणी आलं होतं का?” ह्यांनी विचारलं.

“नाही. आज खरंच कोणी नाही,” मी बोलून गेले.

हे छताकडे बघत होते. म्हणाले, “चकत्या घेणार आहेस ना बरोबर?”

“घेतेय. डबा नको, सांडेल. बघते एखादी पिशवी.”

“पेटीतल्या त्या सात पिशव्यांतली एक घे. निळी घे, ती मोठी आहे.”

माझा हात बॅगेतच राहिला.

“कुठल्या पिशव्या?” मी म्हटलं. माणूस कसा असतो बघा. अंगावर आलं तरी एकदा खोटं बोलून बघतोच.

“आबाच्या.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोण सांगेल? मी दोन महिने ह्या खिडकीला लागून पडलोय. रात्री झोप लागत नाही, पहाटे जागाच असतो. आधी त्याची टोपी दिसते. मग तो ओट्यावर चढतो, पिशवी अडकवतो. लगेच जात नाही. उभा राहतो. मग एकदा खोकतो, आत ऐकू जाईल इतकंच. मागे तुझ्या बादल्या वाजत असतात. पाणी बंद व्हायच्या आत निघून जातो.”

“आणि तुम्ही नुसते बघत राहिलात? हाक मारायची!”

“मारली होती की. अकरा वर्षांपूर्वी, अनवाणी. तो काय म्हणाला होता, तुला माहीत आहे.”

मला राग आला. दुसरं काही करता येईना म्हणून राग आला. “म्हणजे रोज विचारत होतात ते माझी परीक्षा घ्यायला?”

“नाही गं,” हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “मला वाटलं, पहिल्या पिशवीला सांगशील. मग वाटलं, दुसऱ्या पिशवीला. पेटीचं झाकण करकरतं, ते प्रत्येक वेळी ऐकू यायचं. मी वाट बघत होतो, बस्स. आज तो आला नाही. आणि उद्या आपण निघतोय.”

मग त्यांनी उशाजवळच्या डब्यातून एक चकती काढून तोंडात टाकली आणि खिडकीकडे मान वळवली. ओरडले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी दहा दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

मी उठले. पेटी उघडली. झाकण करकरलं. साती पिशव्या काढल्या, घडी करून एकीत सहा भरल्या. बरणीभर चकत्या घेतल्या. पदर खोचून बाहेर पडले. ह्यांनी कुठे निघालीस विचारलं नाही.

आबांचं दार उघडं होतं. जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला गेल्या होत्या. आबा एकटेच पुढच्या खोलीत मशीनवर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हातारे झाले होते. मानेची कातडी लोंबत होती. मला बघून त्यांनी पाय थांबवला नाही, शिवण संपवूनच दोरा तोडला.

“प्रल्हादची,” ते म्हणाले. बसा नाही, या नाही.

मी पिशव्या मशीनच्या फळीवर ठेवल्या. वर बरणी ठेवली. आबांनी पिशव्यांकडे बघितलं, पण हात लावला नाही. बरणी उघडून एक चकती उचलली, अंगठ्याने तिची कड चाचपली, जशी शिवण चाचपायचे तशीच, आणि चावली.

“तिखट जास्त झालंय.”

“तुमचीच सफरचंदं आहेत,” मी म्हटलं. “नुसती खाण्याजोगी नव्हती, म्हणून मसाला लावला.”

“हं.” त्यांनी दुसरी घेतली. “गल्लीतून जाताना तुमची गच्ची दिसते. चकत्या मांडलेल्या दिसायच्या. मी म्हटलं, खातायत म्हणजे पिशवी कोणाची ते कळलंय. कळलंय आणि तरी दार बंद.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “की कळलं नव्हतं?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. नाही म्हणायचं फक्त. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर ते मानायला तयार होते, मला दिसत होतं. ते मला जास्त लागलं.

“पहिल्याच दिवशी कळलं. शिवणीवरून.”

“आणि त्याला?”

“त्यांना मी सांगितलं नाही. ते खिडकीतून बघत होते.”

आबांचा हात बरणीवर थांबला. मग ते मशीनच्या चाकावर बोट फिरवत राहिले.

“आज का नाही आलात?” मी विचारलं.

“कापड संपलं,” ते म्हणाले. नजर वळवून म्हणाले. मशीनखाली तुकड्यांचा ढीग पडला होता. मग हळूच म्हणाले, “तो फेटा तरी चुकून गेला होता ना तिकडे?”

“नाही. मी खूण केली होती. मुद्दाम.”

“माहीत होतं मला.”

“मग विचारता कशाला?”

“बघत होतो, अजून उसवून शिवता येतं का तुला.”

माझ्या तोंडावर शब्द आला होता, चांगला सणसणीत. गिळला. म्हटलं, “आबा, चला घरी. मी बोलवायला आलेय. मीच बोलावतेय.” आणि मांडवात ज्या हाताने खूण केली होती तो उजवा हात मी त्यांच्यापुढे दाराकडे केला.

ते उठले. गुडघे धरत, उशीर लावत उठले. ह्या माणसाने आयुष्यात काहीही पटकन केलं नाही. खुंटीवरची टोपी घातली आणि बरणी उचलून काखेत मारली.

“फेटा नको हं आता,” म्हणाले. “डोक्यावर केस राहिले नाहीत, घसरेल.”

आम्ही रस्त्याला लागलो. ते पुढे, मी मागे. चौधरी वहिनी गॅलरीत उभ्या होत्या, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ओट्यावर चढताना आबा सवयीने खोकले. मी पुढे होऊन दार उघडलं.

हे खिडकीकडेच बघत होते, त्यामुळे दोघांना येताना त्यांनी आधीच पाहिलं असणार. तरी आबा आत आले तेव्हा हे धडपडले. उठायला गेले आणि कळ येऊन परत पडले.

“पडून राहा गाढवा,” आबा म्हणाले. “पाठ मोडून घेतलीस अखेर. शंभरदा सांगितलं होतं, मशीनचं स्टूल उंच कर म्हणून.”

“तू शिकवलंस तसंच बसायचो,” हे म्हणाले, आणि डोळे मिटून हसायला लागले. आबा खाटेच्या कडेवर बसले. एका हाताने त्यांनी ह्यांचा सुन्न पाय धरला होता आणि दुसऱ्या हाताने बरणी पुढे केली. दोघे चकत्या खात बसले. कुरकुर कुरकुर. मी आत चहा ठेवला. आत माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा आमच्याबरोबर नाशिकला आले. ऑपरेशन नीट झालं. हे काठी घेऊन का होईना, चालायला लागले. त्यानंतर नऊ वर्षं जगले. आबा रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे, माझ्या चहाला नावं ठेवायचे. मीही त्यांना काही कमी ऐकवलं नाही. माझं आणि आबांचं शेवटपर्यंत भांडत का होईना, जमलं.

ह्यांच्याशी मात्र बिनसलं असं कोणी म्हणणार नाही. त्या सात पिशव्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. आबांनाही माझ्याबद्दल वेडावाकडा शब्द बोलू दिला नाही. दर हिवाळ्यात चकत्या आवडीने खायचे, आल्यागेल्याला “आमच्या हिने केल्यात” म्हणून वाटायचे. मला वाटलं, विसरले.

मग एकदा मी मंडईतून घरी आले, तर आमची भांडीवाली सुमन दारातच भेटली. म्हणाली, “काका रोज मलाच विचारतात हो. तुम्ही घरात असलात तरी मलाच हळूच विचारतात.”

“काय विचारतात?”

“कोणी आलं होतं का, म्हणून.”

मी आठवून बघितलं. नाशिकहून आल्यापासून तो प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता. पुढेही कधी विचारला नाही.